वजन बरोबर, नजर गेली : ब्रिस्टलच्या मुलाचं प्रकरण

३ सप्टेंबर २०१९ रोजी 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची छोटीशी नोंद छापून आली. ती लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या ब्रिस्टलच्या नेत्रतज्ज्ञ डॉ. डेनिझ ॲटन. लगेच जगभर मथळे झळकले : जंक फूड खाऊन मुलगा आंधळा. घरोघरच्या आयांनी तो मथळा मुलांना वाचून दाखवला असेल आणि वेफर्सचं पाकीट वरच्या फळीवर ठेवलं असेल. त्या मुलाला खाण्याचा एक विकार होता, ही गोष्ट मात्र मथळ्यात कुठेच नव्हती. म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडतो आहोत. वेफर्स फळीवर ठेवून हा आजार बरा होत नाही, बऱ्याचदा तो वाढतो.

काय घडलं

मुलगा पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेला तो १४व्या वर्षी, थकव्याची तक्रार घेऊन. एरवी तब्येत चांगली, कसलंही औषध चालू नाही. उंची व्यवस्थित, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सुमारे २२, म्हणजे सामान्य. खाण्याबद्दल नोंद एवढीच, की मुलगा चोखंदळ आहे. रक्त तपासलं तेव्हा रक्तक्षय निघाला, लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसल्या आणि बी-१२ कमी आलं. त्याला बी-१२ची इंजेक्शनं दिली, आहार सुधारायला सांगितलं आणि घरी पाठवलं. उपचार पुढे नेटाने चालू राहिले नाहीत, आहारही बदलला नाही.

१५व्या वर्षी ऐकू कमी येऊ लागलं. पाठोपाठ दिसायला त्रास सुरू झाला. एमआरआय झाला, डोळे तपासून झाले, पण कारण सापडलं नाही. पुढच्या दोन वर्षांत नजर उतरतच गेली. १७व्या वर्षी दोन्ही डोळ्यांची दृष्टी २०/२०० झाली होती. आपल्याकडच्या तक्त्यावर ती ६/६० : साधी नजर जे अक्षर ६० मीटरवरून ओळखते, ते त्याला ६ मीटरवर यावं तेव्हा दिसणार.

सविस्तर विचारपूस झाली ती या टप्प्यावर. प्राथमिक शाळेपासून काही विशिष्ट पोताचे पदार्थ तो तोंडात घेऊच शकत नव्हता. रोज जवळच्या दुकानातले चिप्स (तिकडे चिप्स म्हणजे बटाट्याचे जाडसर तळलेले तुकडे, आपण फ्रेंच फ्राइज म्हणतो ते), प्रिंगल्सचे वेफर्स, पांढरा ब्रेड, कधी हॅमच्या चकत्या, कधी सॉसेज. संपली यादी. फळ नाही, भाजी नाही. दारू, सिगारेट, अमली पदार्थ यांतलं काही नव्हतं. तपासण्यांत बी-१२ कमी, तांबं कमी, सेलेनियम कमी, जस्त जास्त, डी जीवनसत्त्व फारच कमी आणि हाडांची घनता घटलेली असं चित्र समोर आलं. पूरक औषधं सुरू झाली आणि खाण्याच्या विकारासाठी त्याला मानसिक आरोग्य विभागाकडे पाठवण्यात आलं. गेलेली दृष्टी परत आली नाही.

पोट भरलेलं, नस उपाशी

तळलेला बटाटा, मैदा आणि तेल यांतून कॅलरी भरपूर मिळतात. त्यामुळे वजन, उंची, बीएमआय सगळं शाबूत राहतं. बी-१२ची गरज दिवसाला जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम, आणि यकृतातला साठा काही मिलिग्रॅमचा. म्हणजे आवक जवळपास बंद झाली तरी साठ्यावर काही वर्षं निघून जातात. 'इतकी वर्षं हेच खातोय, काही झालं का?' हा घरातला प्रश्न म्हणूनच फसवा ठरतो.

जस्त आणि तांब्याचं नातं उलटं असतं. शरीरात जस्त जास्त गेलं की आतड्याच्या पेशी धातू धरून ठेवणारं एक प्रथिन जास्त प्रमाणात बनवतात. ते प्रथिन तांब्याला घट्ट पकडतं आणि पेशी गळून पडल्या की तांबं शौचावाटे निघून जातं. तांबं कमी पडलं की मज्जातंतूंची हानी बी-१२च्या अभावासारखीच दिसते. मनाने जस्ताच्या गोळ्या चालू ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

डोळ्यामागच्या नसेत (डोळ्याने पाहिलेलं मेंदूपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूत) दहा लाखांहून अधिक तंतू असतात. नजरेचा मध्यभाग, म्हणजे वाचायला आणि चेहरा ओळखायला लागतो तो भाग, सांभाळणारे तंतू सर्वांत बारीक आणि ऊर्जेसाठी सर्वांत हावरे. पोषण तुटलं की पहिला फटका त्यांनाच बसतो. दुखत नाही, लाली येत नाही. दोन्ही डोळे बरोबरीने उतरतात, त्यामुळे एक झाकून दुसऱ्याने पाहिलं तरी फरक कळत नाही. सुरुवातीला नसेचं टोकही आतून ठीक दिसू शकतं, म्हणून पहिली तपासणी कोरी जाते. रंग आधी विटतात, त्यातही लाल. पाण्याच्या बाटलीचं लाल झाकण मुलासमोर हातभर अंतरावर धरा. आधी त्याला थेट झाकणाकडे बघू द्या, मग नजर तिथेच ठेवायला सांगून झाकण जरा बाजूला सरकवा. बाजूला गेल्यावर लाल रंग जास्त गडद वाटतो असं मूल म्हणालं, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि रंगदृष्टी व दृष्टिक्षेत्राची तपासणी मागून घ्या. चष्म्याचा नंबर काढून भागत नाही.

कान आणि डोळे एकत्र बिघडणं हाही संकेत होता. सोव्हिएत मदत आटल्यावर क्यूबात अन्नटंचाई आली आणि १९९१ ते १९९३ दरम्यान ५० हजारांहून अधिक लोकांना नसांचा आजार झाला. कुणाची नजर गेली, कुणाचे पाय बधिर झाले, कुणाला ऐकू येईना. सरकारने सगळ्या देशाला जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या आणि साथ ओसरली. तिथे बाजारातच अन्न नव्हतं. ब्रिस्टलच्या मुलासमोर भरलेला फ्रिज होता.

आजाराचं नाव

डॉ. ॲटन यांनी ज्या विकाराकडे बोट दाखवलं त्याचं संक्षिप्त नाव आर्फिड, म्हणजे अन्न टाळण्याचा किंवा फार मोजकंच खाण्याचा विकार. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात तो २०१३ साली आला, जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात त्याचा क्रमांक ६बी८३. ॲनोरेक्सियात जाड होण्याची भीती असते. आर्फिडमध्ये शरीराच्या आकाराशी काही देणंघेणं नसतं. काहींना चव, वास, पोत सहन होत नाही. काहींना एकदा घशात अडकल्याची किंवा उलटी झाल्याची धास्ती बसलेली असते. काहींना भूकच लागत नाही, जेवण म्हणजे काम वाटतं. एकाच मुलात दोन-तीन कारणं एकत्रही असतात.

निदानाला वजन घटलेलंच पाहिजे असं नाही, आणि या प्रकरणाचा सगळा तिढा इथे आहे. वजन घटणं किंवा वाढ खुंटणं, पोषणाची ठळक कमतरता, नळी वा पूरक आहारावर अवलंबून राहणं, आणि रोजच्या जगण्यात अडथळा (सहल नको, डबा नको, लग्नाचं जेवण नको) या चारांतलं एक असलं तरी पुरतं. दारिद्र्यामुळे अन्न न मिळणं किंवा उपास, पर्युषण, शाकाहार यांसारखी रीत यांचा समावेश यात होत नाही. मात्र रीतीच्या आड विकार लपू शकतो. घर शाकाहारी असणं हे मूल दही, डाळ, भाजी, फळ यांतलं काहीच न खाण्याचं कारण होत नाही.

सेवाही मागे पडलेल्या होत्या. खाण्याच्या विकारांसाठी इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेची २०१७ची मार्गदर्शिका आर्फिडला धरतच नाही. तिथल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या 'बीट' या संस्थेने २०२४चा जागृती सप्ताह खास आर्फिडला वाहिला, म्हणजे वर्गीकरणात नाव आल्यानंतर ११ वर्षांनी.

प्रश्न विचारायला हवा होता १४व्या वर्षीच

बी-१२ कमी आलं, ते भरून काढलं. त्यात चूक काही नाही. पण वाढत्या वयाच्या, मांसाहार वर्ज्य नसलेल्या मुलात ते कमी का, हा पुढचा प्रश्न सुटला. कमतरता हा निष्कर्ष धरला गेला, खरं तर ती सुरुवात होती.

महाराष्ट्रात ही चूक आणखी सोपी आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळलं होतं. कमतरता इतकी सर्रास, की रिपोर्ट हातात आला की 'व्हेज आहात ना, मग असणारच' म्हणून विषय मिटतो. त्यात आपल्याकडे लोहाची कमतरताही असते. लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकत्र आले की सरासरी आकार, म्हणजे रिपोर्टवरचा एमसीव्ही, नेमका सामान्य दिसतो. अशा वेळी शेजारचा आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारात किती फरक आहे ते सांगणारा आकडा) वाढलेला आहे का ते बघावं आणि रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, मागवावा. ब्रिस्टलच्या मुलात मोठ्या पेशींनी निदान इशारा तरी दिला होता.

'आहार कसा आहे?' असं विचारलं की 'तसा बरा आहे' हेच उत्तर येतं. त्यापेक्षा पालकांना सात दिवस लिहून ठेवायला सांगावं : पदार्थ, कंपनी, कसा केला, किती खाल्ला, कुठे बसून खाल्ला. मग मुलालाच विचारावं, पालकांना थोडं बाहेर बसवून. कोणते पदार्थ बिनधास्त खातोस? पूर्वी खायचास आणि आता सुटलं असं काय? दुसऱ्या कंपनीचं बिस्कीट चालतं का? काय तोंडात गेलं की मळमळतं? जाड होशील अशी भीती वाटते का? शेवटचा प्रश्न ॲनोरेक्सिया तपासण्यासाठी. तो कधीही गाळू नये.

तीन वर्षांचं मूल भेंडी थुंकतं, तो आजार नव्हे. ते नवीन पदार्थाला नाही म्हणतं, पण यादी हळूहळू वाढत जाते आणि भूक लागली की काहीतरी घेतंच. आर्फिडमध्ये यादी आखडत जाते. सुटलेला पदार्थ परत येत नाही. अमुकच कंपनीचं, अमुकच पाकीट, त्याचाही रंग बदलला तर बंद. अन्नाचे संपूर्ण गट गायब असतात. यादी वीसच्या आत आली असेल तर वजन कितीही चांगलं असो, तपासण्या कराव्यात : सीबीसी, बी-१२, फोलेट, फेरिटिन (लोहाचा साठा), डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, शक्य असेल तिथे ए जीवनसत्त्व, तांबं आणि जस्त. बी-१२चा आकडा काठावर असेल तर होमोसिस्टीन, बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक. रक्त इंजेक्शनच्या किंवा बी-कॉम्प्लेक्सच्या आधी काढावं, नंतरचा आकडा फुगलेला येतो. सोबत दातांची कीड, बद्धकोष्ठता, सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), अन्ननलिकेची ॲलर्जीजन्य सूज आणि स्वमग्नता यांचाही विचार हवा. लोहाची कमतरता स्वतःच भूक मारते, म्हणून ती भरल्यावर थोडा फरक आपोआप पडतो.

उपचार : आधी नस वाचवा, मग ताट

नसांची लक्षणं असतील तर गोळ्यांवर वेळ घालवू नये. ब्रिटिश पद्धतीत अशा वेळी हायड्रॉक्सोकोबालमिन (बी-१२चाच एक प्रकार) १ मिग्रॅ एक दिवसाआड स्नायूत देतात, सुधारणा थांबेपर्यंत, आणि नंतर दोन महिन्यांतून एकदा. फोलिक ॲसिड एकटं कधीही सुरू करू नये. त्याने रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो आणि नसांची झीज आतल्या आत चालू राहते. फार वजन घटलेलं किंवा दहा दिवसांहून अधिक जवळजवळ न खाल्लेलं मूल असेल तर घरी एकदम भरवू नका. रक्तातलं फॉस्फरस घसरून हृदयावर येऊ शकतं. ते रुग्णालयातच, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधी देऊन.

गोळी किंवा सिरप हासुद्धा या मुलांसाठी एक नवा पदार्थच असतो. घरोघरी होणारी सर्वांत महागडी चूक इथे होते : सिरप दुधात मिसळलं, पावडर वरणभातात कालवली. मुलाला ते पहिल्या घोटाला कळतं. त्या दिवसापासून दूध बंद. आधीच सात पदार्थ होते, आता सहा. औषध उघडपणे, वेगळ्या चमच्यात द्या. चव जमत नसेल तर प्रकार बदला (थेंब, तोंडात विरघळणारी गोळी, इंजेक्शन), पण खात्रीच्या पदार्थाला हात लावू नका.

तोच नियम चिप्सना. मुलाचं सुरक्षित अन्न काढून घेतलं तर 'उपाशी राहील तेव्हा खाईल' हे खरं ठरत नाही. तो उपाशी राहतो, धास्ती वाढते, आणि घरात जेवणाची वेळ म्हणजे रोजची लढाई होते. चिप्स तसेच ठेवायचे आणि तिथूनच साखळी ओढायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची : त्याच दुकानाऐवजी शेजारच्या दुकानातले, मग घरी तळलेले, मग जरा जाड कापलेले, मग ओव्हनमध्ये भाजलेले, मग भाजलेल्या बटाट्याची फोड, मग तशीच रताळ्याची. ब्रेडच्या बाजूने : टोस्ट, टोस्टवर बोटभर लोणी, पुढे चीजची पातळ चकती. (इंग्लंडमध्ये पांढऱ्या पिठात लोह, कॅल्शियम, थायमिन आणि नायसिन घालणं कायद्याने सक्तीचं आहे, तेव्हा त्या मुलाचा ब्रेड अगदीच टाकाऊ नव्हता. बी-१२ मात्र त्यात नसतं.) आपल्या घरात हीच साखळी पारले-जीपासून किंवा तूप-साखर-पोळीपासून सुरू होते : तीच पोळी तूप जरा कमी लावून, मग त्याच कणकेचा पराठा, मग त्यात नखभर बटाटा, पुढे किसलेलं पनीर.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेनिफर थॉमस आणि कॅमरिन एडी यांनी दहा वर्षांच्या पुढच्या रुग्णांसाठी खास वर्तनोपचार बांधला आहे. वजन ठीक असेल तर साधारण २० बैठका, वजन कमी असेल तर ३० पर्यंत, आणि अशा वेळी सुरुवातीला दिवसाला सुमारे ५०० कॅलरी आवडीच्याच पदार्थांतून वाढवतात. वैविध्य नंतर. पाया आहे पाच पायऱ्यांचा : बघणं, हात लावणं, वास घेणं, चव घेणं, चावणं.

पनीरचं उदाहरण घेऊ. वेळ दुपारी चारची, जेवणाची नव्हे. पोटात थोडंसं असावं. बशीत पनीरचा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. मुलाने आधी नुसतं वर्णन करायचं : पांढरा आहे, कडा तुटक्या आहेत, वर पाण्याचा थेंब आहे. 'घाण', 'ईईई' हे शब्द बाजूला ठेवायचे, कारण ते निकाल आहेत, वर्णन नव्हे. मग बोटाने दाबायचं : थंड आहे, दबतं, परत वर येत नाही. मग वास. मग जिभेचं टोक. इथे भीती दहापैकी किती, ते विचारायचं. सात म्हणाला तर आज इथेच थांबू, उद्या पुन्हा. जमलं तर चावायचं, आणि कागदात थुंकायची मुभा ठेवायची. थुंकता येतं हे माहीत असलं की तोंड उघडायचं धाडस होतं. हे सगळं पाच मिनिटांत. आठवड्याला तीन ते पाच पदार्थ, प्रत्येकाचा घरी रोज सराव. साध्या चोखंदळ मुलालाही नवा पदार्थ रुळायला आठ ते पंधरा वेळा लागतात, इथे त्याहून अधिक धरून चाला.

घास अडकल्याची धास्ती असेल तर क्रम वेगळा. मऊ खिचडीपासून दाणेदार भात, मग पोळीचा तुकडा अशी भीतीची उतरंड करतात. चावण्या-गिळण्यात खरोखर अडचण आहे का, ते स्पीच थेरपिस्टने आधी तपासावं.

घरातल्यांसाठी अवघड भाग म्हणजे गप्प राहणं. एक घास खाल्ला की आजी टाळ्या वाजवते, काका म्हणतात 'बघ, खातोस की, उगाच नाटकं करायचास'. दोन्ही जड जातं. टाळ्यांनी मूल सगळ्यांच्या नजरेत येतं, टोमण्याने ते शिक्षेला पात्र ठरतं. 'पनीर चावलंस, पाहिलं मी' एवढंच पुरे. पाहुणे येणार असतील तर आधी फोनवर सांगून ठेवा, की ताटाबद्दल कुणी बोलायचं नाही.

मदत एकाच ठिकाणी मिळेल अशी अपेक्षा धरू नका. बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ अशी तिघांची मोट बहुधा पालकांनाच बांधावी लागते. सरकारी व अनुदानित शाळांत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पोषणाच्या कमतरता बघतं. त्यांना वजनाबरोबर पदार्थांची यादीही हातात द्या, तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळू शकते. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेली मानस, १४४१६. शिक्षकांना डब्यावरून वर्गात बोलू नका असं लेखी कळवा, आणि डबा मुलाच्या खात्रीचाच द्या. शाळा ही नवीन पदार्थांच्या सरावाची जागा नाही.

शिकलेला पदार्थ आठवड्यातून एकदा तरी ताटात यावा लागतो, नाहीतर तो सुटतो. फ्रिजच्या दारावर दोन रकाने करा, 'येतं' आणि 'शिकतोय'. तारखा मुलानेच लिहाव्यात. बी-१२, फेरिटिन आणि डी तीन महिन्यांनी पुन्हा बघा, मग सहा महिन्यांनी. रकाना भरत असला तरी बी-१२ देणारं काही नियमित पोटात जाईपर्यंत औषध थांबवू नका : पाव लिटर गाईच्या दुधात ते साधारण १ मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे पाव-पाव लिटरचे दोन पेले दूध किंवा तेवढंच दही, रोज. आणि लाल झाकण टेबलाच्या खणात ठेवा.